लाल तारे विकायला काढले तेव्हा

बर्लिनमध्ये '१७ जून' नावाचा एक रुंद, लांबलचक रस्ता आहे. १९५३ साली पूर्व जर्मनीतल्या कामगारांनी उठाव केला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, त्या दिवसाचं हे नाव. याच रस्त्यावर ब्रांडेनबुर्ग गेटच्या बाजूला सोव्हिएत सैनिकांचं १९४५ चं स्मारक उभं आहे, आणि दुसऱ्या टोकाकडे शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. माझी बहुतेक सोव्हिएत पदकं मी त्या बाजारात घेतली. नवख्याला ही विसंगती खटकते. बर्लिनमध्ये काही वर्षं काढली की खटकेनाशी होते.

मी मूळचा हुपरीचा. म्हणजे पैंजण, जोडवी, करदोटे, भट्टीचा वास आणि दिवसभर चांदीच्या भावाची चर्चा. मी शिकून इंजिनिअर झालो, २००६ साली इकडे नोकरीला आलो, पण टेबलावर चांदी दिसली की हात आपोआप पुढे जातो, त्याला इलाज नाही. पहिल्यांदा हातात घेतला तो 'रेड स्टार'. पाच टोकांचा तारा, त्यावर गडद लाल मीना, मधोमध बंदूक घेतलेला सैनिक आणि त्याच्याभोवती 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा'. पाठीमागे मळसूत्राची दांडी, तिच्यावर फिरवायची गोल चक्री, टांकसाळीचं नाव आणि हाताने कोरलेला क्रमांक. इतकं निगुतीनं केलेलं मीनाकाम युद्धाच्या धामधुमीत लाखांनी कसं केलं असेल, याचंच मला आश्चर्य वाटलं. विक्रेत्याने तीस युरो सांगितले, पंचवीसला दिला.

हा सन्मान ६ एप्रिल १९३० रोजी सुरू झाला आणि सोव्हिएत संघ संपेपर्यंत अडतीस लाखांहून जास्त वेळा दिला गेला. म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. पण प्रत्येक ताऱ्याचा क्रमांक वेगळा, आणि प्रत्येक क्रमांक कुठल्यातरी एका माणसाच्या नावावर लिहिलेला. या छंदाची सगळी मजा या एका गोष्टीत आहे, आणि बाजारातली सगळी उलथापालथही.

गेल्या वर्षी घर बदलायचं ठरलं. नवीन घर लहान. संग्रहातला मोठा भाग काढायचा, तर फुटकळ विकण्यापेक्षा लिलावघराकडे द्यावा, असं ठरवलं. त्यातून जे शिकलो ते इतक्या वर्षांच्या खरेदीत शिकलो नव्हतो, म्हणून हे लिहितो आहे.

थोडं मागचं सांगायला हवं. ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत रशियन फौजा जर्मनीतून पूर्ण बाहेर पडल्या. त्या आधीची तीन-चार वर्षं ब्रांडेनबुर्ग गेटपाशी टोप्या, पट्टे, गणवेश, पदकं, सगळं ढिगाने विकलं जात होतं. मॉस्कोत अर्बात रस्त्यावर आणि इझमाइलोवोच्या बाजारात तेच. पेन्शनच्या रुबलांना किंमत उरली नव्हती, आणि पाश्चात्त्य पर्यटकाच्या खिशात डॉलर होते. त्या वर्षांत पदकं पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहिली. बाजारातला म्हातारा विक्रेता, ज्याच्याकडून मी बरंच काही घेतलं, त्या काळाबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा. "घेणारे आम्ही होतो, पण विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचो नाही," असं एकदा म्हणाला होता.

२००० नंतर प्रवाह उलटा फिरला. रशियात तेलाचा पैसा आला, तिथल्या श्रीमंतांना आजोबांच्या युद्धाची ओढ लागली, आणि अमेरिकेत, जर्मनीत गेलेली पदकं लिलावातून परत मॉस्कोला जाऊ लागली. भाव चढले. दुर्मीळ वस्तूंचे तर फारच. २००८ च्या मंदीत बाजाराने थोडा दम खाल्ला, २०१४ मध्ये रुबल कोसळला तेव्हा पुन्हा. तरी लिलावात हात वर करणारा शेवटचा माणूस बहुधा रशियनच असायचा. आणि हे सगळं चालू असताना खुद्द रशियाच्या फौजदारी कायद्यात ३२४ वं कलम आहेच: सोव्हिएत आणि रशियन सरकारी सन्मानांची खरेदी-विक्री हा तिथे गुन्हा आहे. झारच्या काळातलं पदक दुकानात मांडता येतं, स्टालिनच्या काळातलं नाही. त्यामुळे तिथला बाजार कायम अर्धा पडद्याआड राहिला.

त्या कायद्याला हसणं सोपं आहे. पण १९८३ साली मॉस्कोत व्हाइस अॅडमिरल गेओर्गी खोलोस्त्याकोव्ह आणि त्यांच्या पत्नीचा त्यांच्या घरात खून झाला तो पदकांसाठी. सोव्हिएत संघाचा 'हिरो' असलेला ऐंशीच्या घरातला माणूस. पत्रकारितेचे विद्यार्थी म्हणून एक जोडपं घरात आलं, आणि चोरलेली पदकं विकायची हा त्यांचा धंदाच होता. मागणी असते म्हणून चोरी होते. माझ्यासारखा सभ्य, करभरणारा गिऱ्हाईकसुद्धा त्या मागणीत मोजला जातो. हे मनात ठेवूनच मी घेत आलो, आणि ते मनात ठेवलं म्हणून घेणं थांबलं असंही नाही.

असो. कामाला लागलो. लिलावघराच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं की आधी तुम्हीच तीन ढीग करा: कागदांसकटचे गट, सुटे पण चांगले, आणि बाकीचे. 'कागद' म्हणजे मुख्यतः सन्मानपुस्तिका. लाल कव्हरची छोटी वही, तिच्यात नाव, आणि मिळालेल्या प्रत्येक सन्मानाच्या पुढे त्याचा क्रमांक. पुस्तिकेतला क्रमांक आणि पदकामागचा क्रमांक जुळला की तो गट अस्सल.

जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं. वजनकाटा, दहापट भिंग, अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी. काम असं: तारा काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, मग खोलीतले दिवे घालवून बॅटरी मारायची. भट्टीतला खरा मीना म्हणजे काच; तो त्या प्रकाशात गप्प राहतो. टवका उडालेल्या टोकावर कोणी राळ किंवा नखांचा रंग भरून घासला असेल, तर तेवढा तुकडा निळसर-पांढरा चमकतो. उजेडात ज्या ताऱ्याकडे बघून 'वा' म्हणावं, त्याची दोन टोकं अंधारात भुतासारखी उजळतात. असे माझ्याकडे काही निघाले. फसवणूक म्हणता येणार नाही, बऱ्याचदा ते खुद्द मालकानेच परेडसाठी दुरुस्त केलेले असतात, पण यादीत लिहावं लागतं आणि किंमत उतरते.

मग पाठ. क्रमांक कोरलेल्या जागेभोवतीची चांदी भिंगातून बघायची. बनावटगिरीचा सगळ्यात किफायतशीर प्रकार म्हणजे अस्सल तारा घेऊन त्याचा सात आकडी क्रमांक घासून काढायचा आणि पाच आकडी कोरायचा. पाच आकडी म्हणजे युद्धाच्या आधीचा किंवा अगदी सुरुवातीचा; त्याला कितीतरी पट भाव. घासलेल्या जागी धातू किंचित खोलगट होतो, आणि मुळातल्या ठशाचे बारीक कण पुसलेले दिसतात. माझ्याकडे असा एक होता, म्हाताऱ्याने मला तो "नंबर सोडून बाकी सगळं खरं आहे" असं सांगूनच स्वस्तात दिला होता. एखाद्या क्रमांकाच्या आधी 'द' हे रशियन अक्षर असेल तर मात्र तो बनावट नव्हे: हरवलेल्या सन्मानाबद्दल सरकारनेच दिलेली ती दुसरी प्रत.

हे चालू असताना आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. थोरला भाऊ, हुपरीत अजून धंदा सांभाळतो. ऑक्टोबर २०२५ चे दिवस. चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या वर गेली होती, आपल्याकडे किलोला दीड लाख ओलांडून. आण्णा तर दिवसभर भावाकडेच डोळे लावून बसलेले. मी काट्यावर तारा ठेवलेला त्यांना दिसला.

"किती भरतंय रं?"

"तेहेतीस ग्रॅम."

"चक्रीसकट? मग मीना जाळला, खालची घाण गेली, की सत्तावीसच्या वर चांदी निघणार न्हाई."

अधिकृत आकडा २७.२५८ ग्रॅम आहे. साडेसहा हजार किलोमीटरवरून, फोनच्या पडद्यावर बघून. मी गप्प झालो. आण्णांनी हिशेब पुढे नेला: मोडीचा भाव धरला तरी एकेका ताऱ्याची चांदीच चाळीस डॉलरच्या पुढे जाते, "मग तुझा लिलाववाला त्याला किती देणार?" प्रश्न रास्त होता. सुट्या, साध्या ताऱ्याला लिलावात येणारी किंमत आणि त्याच्या चांदीची किंमत, दोन्ही एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या होत्या की मधलं अंतर कमिशनमध्येच संपावं.

ही गोष्ट वाटते तेवढी गमतीची नाही. 'ऑर्डर ऑफ लेनिन'मध्ये (ऑर्डर म्हणजे पदकाच्या वरचा सन्मान) साधारण साडेअठ्ठावीस ग्रॅम सोनं आणि वर लेनिनच्या मुखवट्याचं पावणेतीन ग्रॅम प्लॅटिनम असतं. त्याच महिन्यात सोनं औंसाला चार हजार डॉलरच्या पलीकडे गेलं. साधा, उशिराच्या काळातला, कागद नसलेला लेनिन म्हणजे आज जवळजवळ सोन्याच्याच भावाची वस्तू. असे किती वितळले असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही. नव्वदच्या दशकात वितळले, आताही वितळत असणार.

पण ज्याला कागद आहे त्याचं गणित वेगळं. माझ्या संग्रहातला सगळ्यात आवडता गट एका तारायंत्र्याचा, म्हणजे फौजेच्या टेलिफोन लाइनी टाकणाऱ्या सार्जंटचा. 'ऑर्डर ऑफ ग्लोरी' तिसरा वर्ग, एक रेड स्टार, 'शौर्यासाठी' हे चांदीचं पदक, क्योनिग्जबेर्ग जिंकल्याचं पदक, जर्मनीवरच्या विजयाचं पदक, आणि पुस्तिका. ग्लोरी ८ नोव्हेंबर १९४३ ला सुरू झाली, तीही फक्त शिपाई आणि सार्जंट यांच्यासाठी (विमानदलात कनिष्ठ लेफ्टनंटपर्यंत). त्यावरच्या अधिकाऱ्याला ती मिळायचीच नाही. म्हणून संग्राहकांत तिचा मान मोठा. 'शौर्यासाठी'चं तसंच: त्यावर रणगाडा, वर विमानं, आणि लाल अक्षरं, जुने सैनिक मोठमोठ्या ऑर्डरी लावूनही हे पदक आधी दाखवायचे. क्योनिग्जबेर्ग म्हणजे आजचं कलिनिनग्राद, ९ एप्रिल १९४५ ला पडलं. शहर जिंकल्या-सोडवल्याबद्दल काढलेल्या पदकांत राजधानी नसलेलं हे एकच शहर.

पुस्तिकेत नाव होतं, जन्मवर्ष होतं. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २०१० साली 'पोद्विग नारोदा' नावाचा डेटाबेस खुला केला. त्यात युद्धकाळातले सन्मानाचे हुकूम आणि शिफारसपत्रं स्कॅन करून ठेवली आहेत. नाव-वडिलांचं नाव-आडनाव टाकलं की पानं उघडतात. तिथे मला त्याचं शिफारसपत्र सापडलं होतं. टाइप केलेलं, खाली शाईतल्या सह्या. पूर्व प्रशियात, १९४५ च्या जानेवारीत, तोफांच्या माऱ्यात तुटलेली टेलिफोनची तार त्याने पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन जोडली, आणि एकदा तिथेच गाठ पडलेल्या दोन जर्मनांना मारून परत आला. एवढंच. सहा-सात ओळी. कमांडरला विशेषणं लिहायला वेळ नसणार.

आता हा डेटाबेस आल्यामुळे बाजारात जे झालं ते मला वाटतं बहुतेकांच्या लक्षात उशिरा आलं. त्याआधी 'संशोधन केलेला' गट ही महाग चैन होती. मॉस्कोजवळ पोदोल्स्कला संरक्षण मंत्रालयाचं मध्यवर्ती अभिलेखागार आहे. तिथे प्रत्येक सन्मानिताचं नोंदकार्ड असतं, कार्डावर सगळे क्रमांक. तिथे जाणारा ओळखीचा माणूस गाठायचा, त्याला पैसे पाठवायचे, आणि काही महिन्यांनी छायाप्रत यायची. डेटाबेसने ते काम नाव माहीत असणाऱ्यांसाठी फुकट केलं. पण तो शोधतो नावावर, ताऱ्यावर असतो क्रमांक. ज्याची पुस्तिका हरवली, त्याच्यासाठी पोदोल्स्कचं कार्ड हाच रस्ता होता आणि आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी रशियातली कामं थांबवली आणि माझा तो रस्ता बंद झाला. त्यामुळे पुस्तिकेवाला आणि बिनपुस्तिकेचा यांतलं अंतर पूर्वी थोडं होतं ते आता दरी झालं आहे. माझ्या मते हा बदल चांदीच्या भावापेक्षा मोठा. चांदी उद्या उतरेल.

त्या रस्त्यानेच, तो चालू होता तेव्हा, मी एका सुट्या ताऱ्याचं कार्ड मागवलं होतं. क्रमांक तीस लाखांच्या पुढचा. उत्तर आलं: मालवाहतुकीच्या विभागातला अधिकारी, सन्मानाचं कारण पंधरा वर्षांची निर्दोष सेवा. ४ जून १९४४ च्या हुकमाने दहा वर्षांच्या नोकरीला 'लष्करी कामगिरी'चं पदक, पंधराला रेड स्टार, वीसला रेड बॅनर, पंचविसाला लेनिन असा नियमच झाला होता. तो १९५७ मध्ये रद्द झाला. म्हणजे तोच तारा, तीच चांदी, तोच सैनिक मधोमध: एकाला तोफांखाली तार जोडल्याबद्दल, दुसऱ्याला वेळेवर हजेरी लावल्याबद्दल. संग्राहक या दुसऱ्या प्रकाराकडे नाक मुरडतात. मला तो कारकुनी ताराही आवडायचा. इतक्या मोठ्या फौजेत डाळ-तांदूळ पोचवणारा कोणीतरी लागतोच.

लिलावघर शहराच्या पश्चिम भागात, पहिल्या मजल्यावर. तज्ज्ञ पन्नाशीचे, मितभाषी. माझी यादी त्यांनी बाजूला ठेवली आणि स्वतः पहिल्यापासून तपासायला घेतलं, जे योग्यच. चक्री फिरवून काढायची, दांडीचे आटे बघायचे, पाठ तिरक्या उजेडात धरायची. घासलेल्या क्रमांकाचा तारा त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा विकायचा नाही ना?" मी म्हटलं, नमुना म्हणून आणलाय. त्यांनी त्याचे फोटो काढून घेतले.

भारतीय माणूस हे कसं काय गोळा करतो, हा प्रश्न त्यांनी शेवटी विचारलाच. मला तो नवीन नव्हता. मी त्यांना सांगितलं की १९४४ साली रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या दोघांना हाच रेड स्टार मिळाला होता, सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह. इराणमार्गे रशियाला जी रसद जायची, त्या कामातली ही भारतीय माणसं. निक्कम तमिळनाडूतले, आडनाव ऐकून आपल्याकडचे कान टवकारतात, माझेही टवकारले होते. आणि १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा: 'हिरो ऑफ द सोव्हिएत युनियन' आणि ऑर्डर ऑफ लेनिन. तज्ज्ञांनी निक्कम यांचं नाव वहीत लिहून घेतलं. "त्यांचा तारा कुठे आहे?" असं विचारलं. ते मला कुठून माहीत असणार. धंदेवाल्याचा प्रश्न, पण मला आवडला.

आम्ही बोलत असताना एक वयस्कर बाई आणि त्यांची लेक आत आल्या. युक्रेनमधल्या पोल्तावाहून २०२२ मध्ये आलेल्या. वडिलांची ग्लोरी, पुस्तिका फोटोसकट, आणि दोन पितळी पदकं रुमालात. पण ग्लोरीवर फीत नव्हती. पाचकोनी पट्टी नुसती उघडी, तिच्या कडेला कापलेले नारिंगी धागे. ग्लोरीची फीत काळ्या-नारिंगी पट्ट्यांची, सेंट जॉर्जची. रशियाने गेल्या काही वर्षांत तीच आपली खूण केली. युक्रेनने २०१७ मध्ये तिच्या वापरावर कायद्याने बंदी घातली. बर्लिनमध्येसुद्धा ८ आणि ९ मेला सोव्हिएत स्मारकांच्या परिसरात ती लावायला पोलीस मनाई करतात. तज्ज्ञांनी विचारलं, मूळ फीत आहे का, असली तर किमतीत फरक पडेल. लेकीने आईला युक्रेनियनमध्ये सांगितलं. आईने पर्समधून एक पाकीट काढलं, ते उघडलं नाही, तसंच टेबलावर सरकवलं. "फेकली नव्हती," एवढं लेक जर्मनमध्ये म्हणाली.

फीत पुन्हा शिवायची की नुसती सोबत ठेवायची, यावर थोडी चर्चा झाली. आई म्हणाली, सोबत ठेवा, शिवू नका. कॅटलॉगमध्ये तसंच छापलं: 'मूळ फीत स्वतंत्र'. त्यांना विकायची घाई का होती ते मी विचारलं नाही. भाडं, दात, कोर्स, काहीही असेल. नव्वदच्या दशकात म्हातारा विक्रेता ज्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्यांतलं एक तोंड मी जवळून पाहिलं, इतकं खरं.

करारावर सही करताना नियम वाचले. माझ्याकडून पंधरा टक्के कमिशन. घेणाऱ्याला हातोडा पडलेल्या रकमेवर आणखी पंचवीस. म्हणजे शंभरला गेलेल्या वस्तूचे घेणारा सव्वाशे मोजतो आणि माझ्या हातात पंच्याऐंशी पडतात. त्याखाली एक परिच्छेद निर्यातीचा: मार्च २०२२ च्या युरोपीय निर्बंधांनुसार तीनशे युरोंवरच्या चैनीच्या वस्तू, त्यात कलावस्तू आणि संग्राह्य वस्तूही आल्या, रशियाला पाठवता येत नाहीत. म्हणजे वीस वर्षं ज्याच्या पैशावर हा बाजार चढला, तो गिऱ्हाईक दारातच अडवलेला. आडमार्गाने, तिसऱ्या देशातून कोणी नेत असेल तर ते मला दिसणार नाही, आणि लिलावघरही सांगणार नाही. तज्ज्ञ म्हणाले, दुर्मीळ वस्तूंना याचा फटका जास्त. सुवोरोव्ह, उशाकोव्ह, नखिमोव्ह या सेनापती-नौसेनापतींच्या नावाच्या ऑर्डरी आता विचारपूर्वक मागे ठेवल्या जातात, कारण विकणाऱ्यांना जुने आकडे आठवतात. माझ्यासारख्याच्या साध्या मालाला मात्र अमेरिकन आणि जर्मन छंदी पुरतात.

एक गोष्ट लिलावघराने स्पष्टच नाकारली. १९८५ मध्ये विजयाच्या चाळिसाव्या वर्षी हयात असलेल्या सैनिकांना सरसकट 'देशभक्तीच्या युद्धाची ऑर्डर' दिली गेली; ती माझ्याकडे बरीच होती. युद्धकाळातल्या पहिल्या वर्गात खरं सोनं असायचं, या १९८५ वाल्यात चांदीवर मुलामा. दिसायला झकपक, पण माल अफाट. "यांचा वेगळा लॉट करत नाही, किलोने घेणारा हवा असेल तर धातूवाल्याचा नंबर देतो," असं ते म्हणाले. मी नंबर घेतला नाही.

लिलाव नोव्हेंबरअखेर, ऑनलाइन आणि सभागृहात एकाच वेळी. सभागृहात मोजकी माणसं, त्यांतली अर्धी जर्मन जुन्या हेल्मेटांसाठी आलेली. सोव्हिएत विभाग दुपारी जेवणानंतर लागला. कागद नसलेले तारे पाच-पाचच्या गठ्ठ्यात ठेवले होते. आकडा वर सरकला आणि चांदीच्या किमतीच्या थोडा पुढे जाऊन थांबला, जणू आण्णाच फोनवर बोली लावत होते. कारकुनी तारा पोदोल्स्कच्या कार्डासकट एकटा ठेवला होता, त्याला दोन सुट्या ताऱ्यांइतकी किंमत आली; नाक मुरडणाऱ्यांनीही कागदाचे पैसे मोजले. तारायंत्र्याचा गट अंदाजाच्या दुपटीवर गेला. आणि पोल्तावाच्या बाईंची ग्लोरी, शिवली नसलेल्या फितीसकट, माझ्या सुट्या ग्लोरीच्या दुपटीहून पुढे. वडिलांचा फोटो असलेली पुस्तिका होती ना. एक लेनिनही होता, दुसऱ्या कोणाचा. त्याच्या वर्णनात सैनिकाचं नाव नव्हतं, सोन्याचं वजन होतं.

पैसे तीन आठवड्यांनी आले. जर्मनीत खाजगी माणसाने एक वर्षाहून जास्त जवळ ठेवलेली अशी वस्तू विकली तर नफ्यावर कर लागत नाही, त्यामुळे तो व्याप नव्हता. आण्णांना आकडा सांगितला. त्यांनी भागाकार केला, ग्रॅममागे किती पडले ते काढलं, आणि तारायंत्र्याच्या गटापाशी अडखळले. "ह्यात चांदी कमी हाय की. पितळंच दोन हाईत." मी म्हटलं, आण्णा, त्यात सहा-सात ओळींचं एक पत्र आहे. "आसं काय," म्हणाले, आणि भाव उतरायच्या आत काकूंच्या जुन्या वाक्या मोडायच्या का नाही, या विषयावर गेले.

जानेवारीत लिलावघरातून मेल आला. तारायंत्र्याचा गट घेणाऱ्याने, नाव-गाव अर्थातच न कळवता, विचारलं होतं की शिफारसपत्रात ज्या टेकडीचा क्रमांक दिला आहे तिचा लष्करी नकाशा माझ्याकडे आहे का, आणि मी केलेलं जर्मन भाषांतर वापरलं तर चालेल का. नकाशा नव्हता. भाषांतर वापरा म्हणून कळवलं, फक्त तिसऱ्या ओळीतल्या गावाचं नाव मी स्कॅनवर नीट न दिसल्याने मोकळं सोडलं आहे, ते तुम्ही मोठ्या पडद्यावर बघून भरा.